प्लूटोची बातमी आली त्या पंचमीला

आक्काचं लग्न अक्कलकोटच्या पलीकडे, कानडी मुलखाच्या शिवेवरच्या गावात झालं. आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्थळ बघायला गेले त्याच दिवशी शब्द देऊन टाकला. आईला कळलं ते सुपारी फुटल्यावर. "पोरगी लांब दिली," एवढंच ती म्हणाली आणि लग्नाच्या कामाला लागली. आई वैरागकडची, शेतकऱ्याच्या घरातली. आण्णा सोलापुरात एका गिरणीच्या कचेरीत कारकून. घरात शब्द आण्णांचाच चालायचा.

लग्नात मानपानावरून बिनसलं. आक्काच्या सासूसाठी काढून ठेवलेलं मानाचं लुगडं गडबडीत भलत्याच बाईच्या हातात पडलं. विहीणबाई मांडवात काही बोलल्या नाहीत. पण पंचमीला आक्काला आणायला मुराळी म्हणून आमचा चुलतभाऊ गेला, तो एकटाच परत आला. पुढच्या वर्षीही तसंच झालं. आण्णा म्हणाले, "आता मी विचारणार नाही. त्यांची सून, त्यांनी बघावं." गल्लीतल्या बाकीच्या लेकी माहेरी आल्या, लिंबाला झोके बांधले गेले. आईनं त्या दिवशी पुढचं दार लावून घेतलं.

त्याच्या पुढच्या वर्षी सोलापुरात मार्शल लॉ लागला. तो उठून शाळा पुन्हा भरायला लागली तेव्हाची ही गोष्ट. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत वरच्या वर्गात होते. आमच्या मोठ्या बाई नगरकडच्या, पांढऱ्या पातळातल्या, फार मोजकं बोलणाऱ्या. एके दिवशी त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान वर्गात आणलं. सूर्याभोवती फिरणारा आणखी एक ग्रह सापडला होता आणि त्याला प्लूटो हे नाव दिलं होतं. "हे नाव विलायतेतल्या एका शाळकरी मुलीनं सुचवलं," बाई म्हणाल्या. "तुमच्याहूनही लहान आहे ती."

मग त्यांनी एकेका ग्रहाचं सांगितलं. आपला मंगळ तो तिकडे लढाईचा देव, बुध म्हणजे देवांचा निरोप्या, शुक्र ही तर देवीच. नावं रोमन लोकांनी ठेवलेली, पण गोष्टी मूळच्या ग्रीकांच्या. आणि प्लूटो हा पाताळाचा राजा. हा ग्रह इतका दूर, इतका अंधारात, की दुसरं नाव त्याला शोभलंच नसतं. त्या राजाची गोष्ट बाईंनी तास संपेपर्यंत सांगितली. घरी येताना मला रस्ता दिसत नव्हता.

संध्याकाळी आई माळवदावर मूग निवडत बसली होती. आमची घरं मातीची, त्यांचं सपाट छत म्हणजे माळवद. पावसानं ओढ दिली होती, आभाळ मोकळं होतं. आण्णा कठड्याशी उरल्यासुरल्या उजेडात वर्तमानपत्र वाचत होते. मी आईजवळ बसले आणि सांगायला लागले.

एक पिकांची देवी होती. तिची मुलगी रानात फुलं तोडत होती. भुई दुभंगली, पाताळाचा राजा रथातून वर आला आणि मुलीला घेऊन गेला. आई मशाल घेऊन गावोगाव हिंडली. कुणी तिला काही सांगेना. मग तिनं रान पिकूच दिलं नाही. बी मातीत कुजलं, बैल उगीच नांगर ओढत राहिले, माणसं उपाशी मरायला लागली.

आईचे हात थांबले. "आन तिचा बाप? त्यो कुटं हुता?"

"बाप सगळ्या देवांचा राजा. आपण ज्याला गुरू म्हणतो, तो ग्रह त्याच्या नावाचा. त्यानंच पाताळाच्या राजाला होकार दिला होता."

"आईला न इचारता?"

"न विचारता."

आण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आई म्हणाली, "मग पुढं?"

मी सांगितलं की शेवटी देवांनी तडजोड केली. मुलीनं पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, म्हणून तिला कायमचं वर येता येईना. मग वर्षातले काही महिने तिथं आणि बाकीचे आईपाशी, असं ठरलं. ती येते तेव्हा रान हिरवं होतं. नैर्ऋत्येला चित्रा नक्षत्र दिसायला लागलं होतं. मी बोट दाखवलं. "ते लोक त्या चांदणीला कणीस म्हणतात. कन्या राशीच्या हातातलं. कुणी म्हणतं ती कन्या म्हणजे ही मुलगी, कुणी म्हणतं तिची आई."

"ज्वारीचं कणीस?"

"गव्हाचं."

"त्यांच्याकडं गहू हुत आसंल," आई म्हणाली आणि बराच वेळ तिकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचा भोंगा झाला, आण्णा निघाले, तेव्हा आई दारात उभी राहिली. "आवं, मी आक्काला आनाया जाती. धाकटीला संगं नेती." आई कधी एकटी कुठे गेली नव्हती. आण्णा म्हणाले, "तिथं अपमान करतील." आई म्हणाली, "माझा करतील. माझा मी बघीन." आण्णा चपला घालून गेले. नाही मात्र ते म्हणाले नाहीत.

आईनं स्वतःसाठी ठेवलेलं, एकदाही न नेसलेलं इरकल लुगडं गाठोड्यात बांधून घेतलं. अक्कलकोट रोड स्टेशनवर रेल्वेतून उतरलो, तिथून बैलगाडीनं गेलो. विहीणबाई ओट्यावर बसल्या होत्या. उठल्या नाहीत. आईनं इरकल, खण, नारळ त्यांच्यापुढे ठेवला.

"विहीनबाई, तुमचा मान ऱ्हायला. चुकलं आमचं. म्हनून आले."

विहीणबाईंनी इरकलाचा काठ बोटांत धरून बघितला. "दोनदा गडीमाणूस धाडलासा," त्या म्हणाल्या. "बाई एकदा बी आली न्हाई. माझा मान काय गड्याच्या हातानं घ्यायचा?" मग आत बघून त्यांनी पाणी आणायला सांगितलं.

आक्का शेताकडून आली ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन, नणंदेशी कानडीत बोलत, हसत. आम्हाला बघून तिनं भारा तिथंच टाकला आणि आईच्या गळ्यात पडली. दोघी खूप रडल्या. विहीणबाईंनी तोंड फिरवलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "पंचमीला न्या. गौरी जेवल्या की आणून सोडा. दरसाल." आई लगेच हो म्हणाली.

निघताना आक्का सासूला विचारत होती, "अव्वा, म्हशीचं कोण बघंल? ती माझ्याबिगर पान्हवत न्हाई." आईनं ते ऐकलं. रेल्वेत आक्काचा डोळा लागल्यावर आई मला म्हणाली, "तिचं तितं बी मन लागलंय."

"मग बरंच की," मी म्हणाले.

"व्हय, बरंच हाय," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

सोलापूरला आण्णा स्टेशनवर उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आक्का पाया पडली. त्यांनी तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि "दमलीस का?" एवढंच विचारलं.

त्यानंतर काही वर्षं आक्का ठरल्याप्रमाणे आली. आली की घर भरल्यासारखं वाटायचं. मग एका हिवाळ्यात, ज्वारी निसवून कणसं बाहेर पडत असताना, सासरीच बाळंतपणात ती वारली. मुलगी वाचली. निरोप मिळून आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईनं नात मागितली. विहीणबाई पाळण्याची दोरी सोडेनात. "तिच्या माघारी मला बी हीच उरलीय," त्या म्हणाल्या. आई रिकाम्या हातानं परत आली.

त्या रात्री जेवणाची ताटं तशीच राहिली. आण्णा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "मी तुला विचारायला हवं होतं."

"आता काय त्याचं," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं ताटं उचलली, आण्णांना घोंगडी दिली.

त्यानंतरची पंचमी आली तेव्हा आईनं पुन्हा दार लावून घेतलं होतं. दुपारी बाहेर टांगा थांबला. मी दार उघडलं तर विहीणबाई, पदराखाली नात घेऊन, उन्हानं लाल झालेल्या. त्या एकट्या आल्या होत्या. "लेकरू माहेरी आणलंय," त्या म्हणाल्या. "आत येऊ का?"

आई धावत आली. तिनं नातीला घेतलं, मग दुसऱ्या हातानं विहीणबाईंना आत ओढलं. त्या गौरीपर्यंत राहिल्या. पोरगी रडायला लागली की विहीणबाई कानडीत काहीतरी गुणगुणायच्या आणि आई शेजारी बसून तिचे तळवे चोळायची. पोरीच्या वरणात तूप किती घालायचं यावरून दोघी रोज भांडायच्या.