चहाचा डबा तिला मिळाला

नवरा पुण्याहून टोकियोला कॉन्ट्रॅक्टवर आला आणि मुलीला कडेवर घेऊन मीही त्याच्या मागोमाग तिथल्या फुनाबोरी भागात आले. आमच्या इमारतीत सगळ्यांचे नवरे सॉफ्टवेअरमधले. मी कमर्शियल आर्ट शिकलेली. मुलगी पाळणाघरात रुळली तसं मी एका लहानशा डिझाइन ऑफिसात पार्टटाइम काम धरलं. खोकी, पिशव्या, डबे यांच्यावर काय दिसावं हे ठरवणं, हे तिथलं काम.

माझ्याकडे करीची पाकिटं यायची. करी, नान, कधी योगाच्या क्लासचं पत्रक. मी हत्ती काढायचे, मोर काढायचे, कडेनं कोयऱ्या. आमचे शाचो, म्हणजे मालक, चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "वा! अगदी भारतीय." त्या दिवशी घरी मी नवऱ्याला आवर्जून सांगायचे, "आज शाचो खूश होते."

मग ती आली. नायजेरियातल्या लागोसची. आधी लंडनला आणि मग टोकियोच्या कला महाविद्यालयात शिकलेली. उंच, केस अगदी बारीक कापलेले. त्याआधी कुठल्याही डिझाइन ऑफिसात मी कृष्णवर्णीय माणूस पाहिला नव्हता. पहिल्याच दिवशी ती फोनवर एका छापखानेवाल्याशी इतकं सफाईदार जपानी बोलली, की माझ्या पोटात दुखायला तिथूनच सुरुवात झाली. मी अजून फोन वाजला की बाथरूमला जायचे.

पहिल्याच आठवड्यात शाचोंनी तिच्यासमोर कॉफीची पिशवी ठेवली. "आफ्रिकेची कॉफी आहे. हे तर तुमच्या रक्तातच असणार."

तिनं पिशवी उलटसुलट करून पाहिली. "ही कॉफी इथिओपियाची आहे. माझ्या घरापासून तिथवर जायचं तर विमानात बसावं लागतं. आमच्याकडे सगळे चहा पितात." सगळे हसले, तीही हसली. मग म्हणाली, "ही पिशवी मी करते. पण शिझुओकाच्या चहाच्या डब्याचं काम आलंय ना, तेही मला द्या."

त्या डब्यावर आमच्यातल्या सगळ्यांचाच डोळा होता. माझाही होता, पण ते मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

शाचो म्हणाले, "करून दाखवा."

दुपारी डबा खाताना तिनं मला विचारलं, "करीची पाकिटं तू मागून घेतलीस?"

"नाही. मिळाली."

"आवडतात तुला?"

"शाचोंना आवडतात," मी म्हणाले. तिनं मान हलवून डब्याचं झाकण लावलं, आणि तेच मला जास्त लागलं.

तिनं केलेला डबा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. गडद हिरवा. त्यावर पान नाही, डोंगर नाही. चहाचं जपानी चित्राक्षर डब्याच्या एका कडेला निम्मं, दुसऱ्या कडेला निम्मं छापलेलं. दोन डबे शेजारी ठेवले की अक्षर पुरं व्हायचं. चहाचे व्यापारी आले, त्यांनी नमुन्याचे डबे टेबलावर एकमेकांना लावून पाहिले, वेगळे केले, पुन्हा लावले. मी चहा घेऊन गेले होते. ट्रे हातात धरून मी मनात म्हणत होते, हे मला का सुचलं नाही? आणि लगेच दुसरा विचार: हिला तरी का सुचावं?

डबा गाजला. व्यवसायाच्या एका मासिकानं डिझायनरचं नाव आणि फोटो मागितला. शाचो तिला म्हणाले, "फक्त ऑफिसचं नाव घालू. गिऱ्हाइकाला चहा जपानी वाटला पाहिजे."

"चहा जपानीच आहे," ती म्हणाली. "डबा मी केलाय. मी दिसलेच नाही, तर माझ्यासारखं कुणी ही कामं करतं हे लोकांना कळणार कसं?"

आवाज चढवला नाही तिनं. पण हटलीही नाही. व्यापाऱ्यांना विचारलं, त्यांनी बरेच दिवस घेतले, शेवटी नावाला होकार आला, फोटोला नकार. तिनं नाव छापून घेतलं आणि पुढच्या कामाच्या वेळी फोटोही छापा असं पुन्हा सांगितलं. तेव्हा तोही छापला गेला.

नाव छापून आल्यावर तिला शोधत मुलं यायला लागली. सेंदाईला शिकणारा एक सेनेगलचा मुलगा, इचिकावात राहणारी एक अमेरिकन मुलगी. दोघंही काळी, दोघंही चित्रकलेतली, दोघांनाही कुणी मुलाखतीलासुद्धा बोलावलं नव्हतं. ऑफिसात जागा निघाली तेव्हा शाचो सहज म्हणाले, "तुमच्यासारखे लोक अर्जच करत नाहीत." दुसऱ्या दिवशी तिनं त्या दोघांची कामं शाचोंच्या टेबलावर मांडली. त्यातली अमेरिकन मुलगी नोकरीला लागली.

मी घरी येऊन भांडी आदळली. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?"

"ती आपल्या माणसांना आणतेय ऑफिसात."

"मग? तुझं काही काढून घेतलं का?"

काढून घेतलं नव्हतं, हेच तर खुपत होतं. तिनं जे मिळवलं ते तिथंच पडून होतं, मीही हात पुढे करू शकले असते.

एक दिवस मी धीर करून शाचोंकडे गेले. म्हणाले, "मला आता करी नको."

ते दचकले. मग अगदी मनापासून त्यांनी विचारलं, "बरं. मग तुम्हाला काय करायचंय?"

इतके दिवस नको काय ते घोकत होते, हवं काय ते ठरवलंच नव्हतं. तोंडातून निघालं, "काहीही चालेल." त्यांनी मला सोबा नूडल्सचं वेष्टन दिलं. मी ते बरं केलं. नुसतं बरं, उत्तम नाही. पण त्यावर ना मोर होता ना हत्ती, आणि आतल्या बाजूला बारीक अक्षरांत माझं नाव होतं.

पुढे तिनं स्वतःचा स्टुडिओ काढला आणि जपानातल्या काळ्या डिझायनरांचं एक छोटं प्रदर्शन भरवलं. मी मुलीला घेऊन गेले. ती आता शाळेत जात होती, मी मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर द्यायची. भिंतीवरची पोस्टर्स, कापडं, खुर्च्यांची रेखाटनं ती एकेक करून बघत होती. एका पोस्टरसमोर थांबून म्हणाली, "सुगोई!" किती भारी! मग माझी बाही ओढून चक्क मराठीत, "आई, मला हिच्यासारखं व्हायचंय."

स्टुडिओची मालकीण शेजारीच उभी होती, तिनं ते ऐकलं. मराठी कळलं नाही, पण मुलीचं बोट कुणाकडे होतं ते दिसलं. तिनं वाकून मुलीला विचारलं, "शनिवारी मी मुलांना शिकवते. येशील?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "येईन," म्हणाली.

मी तिला दर शनिवारी स्टुडिओत घेऊन जायला लागले. आत रंगांच्या बाटल्या खणखणायच्या आणि माझ्या मुलीचं हसू ऐकू यायचं, घरी कधी न ऐकलेलं. मी बाहेरच्या बाकावर बसून असायचे. त्या हसण्याचं मला बरं वाटायचं, आणि मुलगी तशी हसते ती माझ्याकडे नाही, तिच्याकडे, याचं वाईट. दोन्ही एकदमच.