प्रकाशाच्या घाटावर एकट्याचा डबा

देव न मानणाऱ्या माझ्या वाचकांनो, आपल्याला भाषणाला बोलावतात, जेवायला नाही. "वाद घालतील" म्हणून सणावारी टाळतात. मला हे फार खुपतं. म्हणूनच चंद्रग्रहणाच्या दिवशी डबा घेऊन जळगावहून तापीकाठच्या प्रकाशा गावाला निघालो. तिथे माझे शेवटचे साथी राहतात, विज्ञानाचे निवृत्त मास्तर. ग्रहणात भर चौकात जेवायचं, हा आमचा वीस वर्षांचा शिरस्ता. गेल्या दोन ग्रहणांना ते आले नाहीत. साथ सोडली का, एवढंच विचारायचं होतं.

नंदुरबारपर्यंत रेल्वे, पुढे शहाद्याची एसटी; प्रकाशा वाटेतच लागतं. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलात तर तासावर वेळ धरा. खायला सोबत ठेवा; वेध लागले की फाट्यावरची भज्यांची कढईसुद्धा थंड.

तापीच्या घाटावर चंद्र तांबूसच उगवला. मी डबा उघडून मास्तरांपुढे सरकवला.

"मी खाऊ नही, भाऊ."

"घाबरलात?"

"सावली शे, माले बी माहित शे. पन घरवाली सकायपासून उपाशी शे. तिले एकलीले उपाशी ठेवीसन कसा खाऊ?"

विज्ञान आणि धर्म एका ताटात जेवू शकत नाहीत, असं मी सभांतून गरजत आलोय. आजही सावलीच्या भयानं कुणी उपाशी राहावं हे मला मान्य नाही. भाकरी खाल्ली. डबा एकट्यानंच संपवला.

वहिनी जपमाळ घेऊन पायरीवर आल्या. "मास्तर, गरण कव्हय सुटी?"

"सात दहाले."

मी डिवचलं, "वहिनी, पंचांगात बघा की!"

"मास्तरना टाइम पक्का शे," त्या हसल्या. मग डब्याकडे पाहिलं. "एकलाच जेवनात का, भाऊ?"

सात दहाला ग्रहण सुटलं. वहिनींनी घरी अंघोळ करून चूल पेटवली. भरीत, गरम भाकरी. पहिलं ताट माझ्यापुढे. दोन घासांपलीकडे जाईना. ते दोघं मात्र दिवसभराच्या भुकेनं जेवत होते, आणि मी बघत होतो.

निघताना मास्तर म्हणाले, "पुढला गरणले पोट रिकामं ठेवीसन या."

घरी येऊन डबा घासला. मत तसूभरही बदललेलं नाही. पण त्या रात्री भरल्या पोटी मी त्या घरात सगळ्यात एकटा होतो. मित्रांनो, पुढच्या ग्रहणाला तुमच्या एका श्रद्धाळू माणसाच्या घरी जा, आणि ग्रहण सुटेपर्यंत जेवू नका. मग त्याच्यासोबत जेवा.