आमच्या हॉलमध्ये पडलेला बर्फ

नागपुरात बर्फ एकदाच पडला. मे महिन्यात, भर दुपारी, आमच्या हॉलमध्ये, अन् तो मी पाडला.

हवामान खात्याले याची खबर नाही. सासूबाईंले आहे.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी येडी आहे. (आहे, पण त्याले कारण आहे.) माहं पोट्टं, चिकू, दुपारी मांडीवर हलवल्याबिगर झोपत नाही. त्याले हलवता हलवता मी मोबाईलवर बाहेरदेशाच्या सिरीयल पाहते. आवाज बारीक, कूलर घर्रघर्र करून राहिला, त्याच्या ओल्या गवताचा वास, अन् मी कुठच्या कुठं! बाहेर रस्त्याचं डांबर वितळून राहते अन् मी कोरियात स्वेटर घालून फिरून राहते. नवरा, म्हणजे नितीन, उमरेडकडं कोळशाच्या खदानीत कामाले. सासूबाई घरीच. त्यांनी नुसतं 'पायल' म्हणून हाक मारली तरी माह्या हातची वाटी पडते, म्हणून त्या झोपल्या का मी देशाबाहेर.

दहावीत मले इंग्रजीनं पाडलं, त्यामुळं खालची अक्षरं वाचणं आपल्याच्यानं होत नाही. मी पयली ओळ वाचतपर्यंत हिरोचं लग्न होऊन जाते. मले हिंदीतलंच लागते. पण त्यात एक खटकते. हिरो कोरियाचा असो, तुर्कीचा असो का इंग्लंडचा पोलीस असो, सगळे एकाच माणसाच्या आवाजात बोलतात. तो बिचारा एकटा बसून साऱ्या जगाच्या पोरींले 'मैं तुम्हारे बिना जी नहीं सकता' म्हणून राहिला. त्याच्या घरी बायको काय म्हणत असन?

तुर्कीवाले मले आवडतात. घरं मोठी, चहा काचेच्या गिलासात. पण एक माणूस दुसऱ्याकडं पाहाले लागला का पाहतच राहते, तेवढ्यात आमच्याकडं भात करपते. (दोनदा करपला.) इंग्रजी खुनाच्या सिरीयलमध्ये सदा अंधार, एवढे श्रीमंत लोक पण लाईट लावत नाहीत. ते पाहिलं का मले बाथरूमले जाताना चिकूले सोबत न्यावं लागते. अन् कोरियाच्या सासवा! रागावल्या का सुनेच्या तोंडावर गिलासभर पाणी फेकतात. हे मले अजिबात पटत नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येते. माह्या सासूबाईंनी असं पाणी कधीच वाया घातलं नसतं.

पण बर्फाच्या बाबतीत मी कोरियाले नावं ठेवत नाही. तो असा हळूहळू येते, आवाज नाही, घाई नाही, जसं कोणी वरून झोपलेल्या पोरावर पांघरूण टाकून राहिलं. हिरो उभा, हिरोईन उभी, तिनं डोळे मिटले, हात पुढं केला. अन् त्यांच्याकडं म्हणतात का पयल्या बर्फात तुमच्या संगं जो उभा असन, तो जन्मभर संगं राहते. हे ऐकलं अन् मी चिकूले हलवणंच विसरली. तो रडला तेव्हा नागपुरात आली.

त्या दिवसांत माह्या डोक्यात एकच गोष्ट होती. नणंदेचं, प्रियाचं लग्न तोंडावर आलं होतं. ते झालं का सासूबाई नरखेडकडं गावाले जाणार होत्या, सासऱ्यांजवळ संत्र्याच्या बगीच्यात राहाले. ट्रंकेत लुगडी भरून झाली होती. कमरेचा चाव्यांचा जुडगा मले भेटणार होता. मी, नितीन अन् चिकू, आमचं आमचं घर! मले त्याची भीतीही वाटे (कुकरच्या शिटीले मी अजून दचकते) अन् गोडही वाटे. वाटलं, नवा संसार सुरू होऊन राहिला, तर पयला बर्फ झाला पाहिजे.

अन् बर्फ घरातच होता.

प्रियाच्या लग्नात द्यायच्या गाद्यांसाठी सासऱ्यांनी आपल्या वावरातला कापूस सरकी काढून पाठवला होता. गादीवाल्यानं आदल्या दिवशी तो पिंजून दिला, सासूबाईंनी जुन्या चादरींत त्याची गाठोडी बांधून हॉलमध्ये ठेवली, अन् संध्याकाळी गादीवाला खोळी भराले येणार होता. सासूबाईंनी मले बजावलं, "हा कापूस मोजूनमापून आहे. बोट लावजो नको." मंग त्या प्रियाले घेऊन साड्या आणाले सदरच्या बाजारात गेल्या. जाताना लोणच्याच्या कैरीच्या फोडी हळदमीठ लावून हॉलमध्येच धोतरावर पसरवून गेल्या.

तेवढ्यात नितीनचा फोन आला, एसटीतून उतरलो, येऊनच राहिलो.

मी म्हणलं, एक मूठ. एका मुठीनं काय होते?

कूलरसमोर उभी राहून एक मूठ सोडली. ती खाली पडली, ओल्या पोळीवाणी. कोरियात असं होत नाही. मंग ध्यानात आलं, पाण्याच्या हवेनं कापूस भिजून राहिला. मी कूलरचा पंप बंद केला. दुसरी मूठ जराशी उडाली, पण टीव्हीच्या मागं जाऊन बसली. मी कूलर फुल केला, अन् म्हणलं गाठोडंच जरा सैल करून समोर ठेवावं, म्हणजे आपोआप थोडा थोडा जाईन.

थोडा थोडा गेला नाही, बाप्पा!

गाठ सुटली अन् सारं गाठोडं एकदम वर गेलं, छतापर्यंत. तिथं पंख्यानं त्याले घेतलं अन् साऱ्या घरात वाटलं. चिकू उठला, दुसऱ्या गाठोड्यात जाऊन बसला अन् दोन्ही हातांनी उडवाले लागला. मले ओरडायचं होतं. पण काय सांगू, खिडकीच्या गजांतून ऊन येत होतं अन् त्या उन्हात तो कापूस हळूहळू खाली येऊन राहिला होता. सोफ्यावर, देवाच्या फोटोवर, माह्या पोराच्या तेल लावलेल्या केसांवर. घरातला सगळा आवाज जसा त्याच्याखाली दबला. चिकू वर पाहून हसत होता. मी जन्मात एवढं सुंदर काही पाहिलं नाही, अन् ते माह्याच घरात, मीच केलेलं.

दाराची कडी वाजली.

मी डोळे मिटले. (हिरोईन मिटते.) हात पुढं केला. त्यानं हात धरला.

हात खरबरीत होता. खदानीत काम करणाऱ्याचा असतेच. मी अजून जवळ ओढला. त्याच्यात बांगड्या होत्या.

डोळे उघडायची माही हिंमत झाली नाही.

"हे काय आहे वं, पायल?" सासूबाई एकदम हळू बोलल्या. त्या हळू बोलल्या का जास्त भीती वाटते.

"बर्फ, आई."

"कायचा बर्फ?"

"कोरियाचा."

"अन् कापूस कोणाचा?"

"प्रियाचा."

त्यांनी जाऊन कूलर बंद केला, पंखा बंद केला. मागं प्रिया साड्यांच्या पिशव्या घेऊन दारातच उभी होती, आत पाय कुठं ठेवावा तिले समजून नव्हतं राहिलं. सासूबाई खाली बसल्या अन् कैरीच्या फोडीवरचा कापूस काढाले लागल्या. एकेका फोडीले मिशा आल्या होत्या. मी चिकूले पुसू का देवाले पुसू, असं करून नुसती गोल गोल फिरत होती अन् माह्या पदराले चिकटून अजून कापूस येत होता.

अन् मंग नितीन आला. रस्त्यात उसाचा रस पीत थांबला होता. (कोरियाचा हिरो अशा वेळी रस पीत नाही, हे माहं स्पष्ट मत आहे.) घामानं ओला, कानात कोळसा, त्यात घाबरून प्रियानं धाडकन दार लावलं, तर दारावरचा सगळा कापूस त्याच्यावर पडला. केस पांढरे, मिशी पांढरी, भुवया पांढऱ्या. शेवटच्या भागात हिरोले म्हातारा दाखवतात ना, तसा. तेवढ्या गडबडीतही मी पाहून घेतलं. म्हातारपणी बरा दिसन.

"काहून गा नित्या," सासूबाई म्हणाल्या, "तुही बायको अशीच राहते का मी नसल्यावर?"

तो म्हणे, "आई, तू नसल्यावर काय होते ते मी तरी आजच पाहून राहिलो."

संध्याकाळी गादीवाला आला, त्यानं कापूस पाहिला, मले पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारामागं सरकली. मले वाटलं, आता सासूबाई साऱ्या गल्लीत सांगतील. तर त्या म्हणाल्या, सुनेनं कापसाले वारा लावला, पावसाळ्यात कुबट वास येत नाही. अन् कमी पडला म्हणून त्यांनी आपली स्वतःची उशी उसवून त्याच्यापुढं टाकली. हळदीनं पिवळा झालेला कापूसही त्यातच गेला. मले तर रडूच आलं, पण नाकात कापूस होता.

लग्न चांगलं झालं. प्रियाचा सासरहून फोन आला, "वहिनी, या गादीवर आडवं झालं का मले लोणचं खावंसं वाटते वं."

मंग एका सकाळी मी पाहिलं, सासूबाई ट्रंकेतली लुगडी काढून परत कपाटात लावून राहिल्या. मी विचारलं, गावाले कधी निघायचं? त्या म्हणाल्या, "तुह्या भरोशावर घर टाकून जाऊ? आता उन्हाळ्यात बर्फ पाडला, हिवाळ्यात काय पाडशील?"

तेव्हा मले समजलं का कोरियावाले खोटं बोलत नाहीत. पयल्या बर्फात जो संगं असन, तो जन्मभर संगं राहते.

आता दुपारी आम्ही दोघी सिरीयल पाहतो. त्यांचंही मत आहे का इंग्रजीवाल्यांनी लाईट लावला पाहिजे. मले आता कुकरची भीती कमी वाटते, घरात कोणीतरी आहे म्हणून. पण चाव्या काही भेटल्या नाहीत. उलट त्या जुडग्यात एक वस्तू वाढली. त्यांनी कूलरचं गोल बटन उपटून त्यात ओवलं आहे. गरमी झाली का मले त्यांच्यासमोर जाऊन उभं राहावं लागते. साऱ्या नागपुरात बर्फ पाडणारी मी एकटी बाई, अन् आता थोडासा वाराही मागून घेते.