यादीतली एक पोरगी

आमच्या पॉलिटेक्निकच्या सरांनी विद्यार्थ्यांसाठी प्रोग्रामिंगची एक छोटी भाषा तयार केली होती. पुढे बालाघाटच्या आजूबाजूच्या शाळाही ती वापरू लागल्या. ती चालवणारा सरांचा प्रोग्राम फार संथ होता. सर गेल्यावर त्यांच्या पुस्तिकेवरून मी दुसरा लिहिला. भाषा तीच, चालवणारे दोन. मग कटकटी सुरू झाल्या.

एका दुपारी लामत्याहून शाळेतल्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, तुमच्यावाल्यात एक पोरगी कमी येऊन राह्यली. यादी तीच हाय. सरांच्यात एकेचाळीस, तुमच्यात चाळीस."

वर्गात एकाच नावाच्या दोघी होत्या. नावात हिंदीतला नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ड़ होता. बाईंनी एक नाव मोबाइलवर टाइप केलं होतं, दुसरं कंप्युटरवर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. आत मात्र एकीचा ड़ हे एकच अक्षर, दुसरीचा ड वेगळा आणि नुक्ता वेगळा. माझा प्रोग्राम हा फरक मिटवून दुबार नाव काढून टाकत होता. पुस्तिकेत तसंच होतं: दिसायला एक, ते एकच. सरांचाच प्रोग्राम सरांचं ऐकत नव्हता.

काहून, ते बघायला मी सरांच्या घरी गेले. सरांच्या बायकोनं, काकूंनी, त्यांच्या जुन्या कंप्युटरवरचं कापड काढून दिलं. प्रोग्राममधली नावं तपासायची जागा सापडली. तिथे सरांनी स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती: "इथे जुळवू नये. एक पोरगी जाते."

खाली तारीख होती. लामत्याच्या शाळेत तेव्हा कंप्युटरसुद्धा आला नव्हता. मी तारीख पुन्हा वाचली.

"काकू, सर कोणत्या पोरीबद्दल बोलायचे?"

"पोरगी? मले तर त्यायनं कधी काही सांगतलं नाही." त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "झालं असन तर झाकून ठेव वो. उघडा राह्यला का मले वाटते, कोनी वाट पाहून राह्यलं."

घरी येऊन मी नावं जुळवणं बंद केलं आणि नवा प्रोग्राम बाईंना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"हौ मॅडम, एकेचाळीस झाले. अन् गंमत सांगू? तुमच्यात जे नाव येत नव्हतं ना, ते पोरगी चार दिवसांपासून शाळेतच नव्हती. ताप होता म्हने. आज आली."

बाई हसत होत्या. फोन ठेवून मी पेन घेतलं आणि पुस्तिकेतलं 'दिसायला एक, ते एकच' हे वाक्य, खालचा कागद फाटेपर्यंत, खोडत बसले.