रघुनाथरावांनी तपासलेला अर्ज

सौंसरात इंग्रजी कागद रघुनाथरावांच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. सर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली, पण लोक अजून अर्ज घेऊन येतात आणि मार्क घेऊन जातात. शेजारच्या केशवरावांनी दारापुढचा विजेचा खांब हलवावा म्हणून अर्ज लिहिला होता. त्यात 'डिड'च्या मागे 'वेंट' लावलं, म्हणून सरांनी तो तीनदा लिहायला लावला. खांब तिथंच आहे. वाक्य मात्र निर्दोष झालं.

सुचिता त्यांची सून. बी.ए., बी.एड. पांढुर्ण्याच्या एका खासगी शाळेत इंग्रजीची जागा निघाली आणि तिनं अर्ज लिहिला. शेवटची तारीख शनिवार. घरची रीत म्हणून सोमवारी तो सासऱ्यांपुढे ठेवला.

"'आय हॅव टॉट' काहून लिहिलं?" सरांनी चष्मा वर केला. "लग्नाआधी दोन वर्षं शिकवलं, मग सोडलं. सोडलं ना?"

"सोडलं, मामाजी."

"मग संपलं ते. संपलेल्याला नुसतं 'टॉट'. 'हॅव' तेव्हाच, जेव्हा त्याचा आजशी काही संबंध असते."

"आहे ना. म्हणूनच तर नोकरी मागून राहिली."

"व्याकरण मागण्यावर चालत नाही, बाई." दहापैकी सहा. पुन्हा लिही.

मंगळवारी सात मिळाले. बुधवारी स्वल्पविरामावरून परत सहा. गुरुवारी सर म्हणाले, घाई कशाची, भाषा मुरू द्यावी. लोणचं मुरतं, तारीख नाही मुरत, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं त्यांच्यापुढे चहा ठेवला.

सासूबाई प्रेमलता भाजी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली, मी यायच्या हाताखाली अजून पास नाही झाली. तू कायले थांबून राहिली?"

शुक्रवारी सुचितानं सोमवारचाच अर्ज, 'हॅव'सकट, कोऱ्या कागदावर उतरवला, बस धरली आणि शाळेत नेऊन दिला. घरी सांगितलं, बाजारात गेली होती. येताना मेथी आणली होती, म्हणजे अर्धं तरी खरं.

पुढच्या आठवड्यात बोलावणं आलं, नमुन्याचा तास झाला, नोकरी लागली.

पहिल्या दिवशी सकाळीच केशवराव ओट्यावर हजर. "सर, सूनबाईचं काम झालं म्हणते."

"होणारच," सर म्हणाले. "अर्ज आपण तपासला होता."

सुचिता दारात चपला घालत होती. या बोलण्यात चूक नेमकी कुठं आहे हे घरात तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण पांढुर्ण्याची बस पावणेनऊला सुटते.