पिवळ्या ओढणीच्या मागे

आधी जमिलाआपांचं नाव घेतो, मग बाकीचं. सातवीत शाळा सुटल्यावर मला कुणी मन लावून काही शिकवलं असेल, तर ते त्यांनीच. हिंगोलीहून फरशी बसवायच्या कामाला आलो, तेव्हा पनवेलच्या आपल्या घराची मागची खोली त्यांनी मला भाड्याने दिली. त्यांना जाऊन आता दीड महिना होईल. त्या सकाळी त्या रिक्षात होत्या आणि मी सायकलवर, त्यांच्या मागोमाग... तरी मला कळलं नाही.

आपांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेरूळला जावं लागे. परवडेल असं जवळ काही नव्हतं. जाऊन-येऊन दिवस संपायचा आणि दुसरा दिवस पडून राहण्यात जायचा. आपटा गावातलं माहेर, पाताळगंगेचा काठ इतका जवळ, पण जाणं होत नव्हतं. "मशीन पनवेलला आली ना, की वाचलेल्या वेळात नदीत पाय सोडून बसीन," असं म्हणायच्या. पनवेलला ती मशीन घ्यायला पैसे जमवावेत म्हणून एका ट्रस्टने चिपळूणपर्यंत सायकल राइड ठरवली, तेव्हा आपांनी मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं. कतारला असलेल्या मुलाची गिअरची सायकल जिन्याखाली पडून होती, तीही पुसून ठेवली. मला घामच फुटला. राइड महिन्यावर आलेली, उलव्याच्या साइटवरून सुटायला रोज अंधार व्हायचा. सराव करणार कधी?

"माझ्या रिक्षाच्या मागनं ये," आपा म्हणाल्या. "मला नेरूळला सोड, नि तसाच पुढं कामावर जा."

रिक्षा सदाभाऊंची. आपांनी आपली पिवळी ओढणी रिक्षाच्या मागच्या दांडीला बांधली आणि मला बजावलं, ही नजरेआड होता कामा नये. खारघरचा चढ आला की त्या डोकं बाहेर काढून ओरडायच्या, "काय रे हिंगोली, झोपलास काय? सदाची तीन चाकं हायत तरी पुढं हाय!" सदाभाऊ वैतागायचे, "आपा, आत बसा, पडाल नायतर माझंच नाव खराब होईल." मग त्या हळूच त्यांना सांगायच्या, "जरा दमानं घे, पोरगा मागं राहतोय." माझ्यासाठी त्या आजारी बाईचा प्रवास दर खेपेला लांबत होता, आणि शिव्या मात्र मलाच! राइडमध्ये कशेडी घाटात पाय उचलेनात, तेव्हा ती ओढणी समोर आहे असं धरून चाललो. चिपळूणला पोचलो. शेवटच्या दोघातिघांत का होईना.

मशीन आली. बसवून झाली, चालवून पाहिली, आणि दाराला लाल फीत बांधून खोली बंद केली. मोठे पाहुणे तारीख देत नव्हते. आपा स्वतः तिथे गेल्या. ट्रस्टच्या साहेबांना म्हणाल्या, "फीत मी हातानं वर धरीन, वाकून आत जाईन. तुटणार नाय." साहेब हसले. "आपा, उद्घाटनाला पहिला मान तुमचाच." आणि आपा परत नेरूळच्या रिक्षात बसल्या. राइड संपली तरी मी मागोमाग जात राहिलो, मागे कुणी असलं की त्यांना बरं वाटायचं. त्या सकाळी खारघरच्या चढाला हाक आली नाही. डोळा लागला असेल असं वाटलं... ओढणी उडत होती, मी पाय मारत होतो. नेरूळला सदाभाऊंनी मागे वळून पाहिलं.

त्यानंतर पंधरवड्यात पाहुणे आले. शाल-नारळ देऊन आम्हा सायकलवाल्यांचे सत्कार झाले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोललो, "ही फीत आधी कापली असती तर आपा आज इथे असत्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनीही. सवयीने वाजवल्या असतील. मग चहा आला.

ओढणी सदाभाऊंनी सोडून माझ्या हातात दिली. ती आता सायकलच्या हँडलला बांधलेली आहे. कामावर जाताना अजूनही नजर पुढच्या रिक्षांच्या मागच्या दांड्यांवर जाते. आपट्याला अजून गेलो नाही, तेवढा धीर होत नाही. पण आपा, तुमचे उपकार आहेत माझ्यावर. एक दिवस ही ओढणी पाताळगंगेवर नेईन, पाण्यात पाय सोडून तुमच्या वाटचं बसेन. त्या दिवशी पुढे कुणी नसलं तरी चढाला थांबणार नाही.