कोऱ्या रकान्यातला बावीस

आधीच सांगतो, भूतपिशाच्च मानणाऱ्यातला मी न्हाई. फौजेत ड्रायव्हर हुतो, गाडीतनं मढी वाहिलीत, एकबी उठून बसलं न्हाई. शाळा सातवीपातूर, तवा लिवण्यात चुकलंमाकलं सांभाळून घ्या...

गाव पाटणजवळ. आमच्या परड्यात सरकारी पर्जन्यमापक हुता. रोज सकाळी साडेआठला माप घिऊन वहीत लिवायचं काम बायकोचं, हिराचं. चौथी शिकलेली, आकडे मराठीच काढायची. पर एक दिस चुकवला न्हाई.

पोरगी वैशाली तिच्यावर गेली. ती बर्फ मोजती. आर्क्टिक म्हणत्यात, उत्तर ध्रुवाकडं. गेल्या साली ती तिकडं तंबूत हुती आन् हिकडं सांगलीच्या दवाखान्यात हिरा वारली. पोरगी पोचली तेरावं उरकल्यावर. मी तोंडावर म्हणालो — आई मेली तवा तू बर्फ मोजत हुतीस. त्यानंतर आमी कामापुरतंच बोलायचो.

यंदा दात बसवायला तिच्याकडं सांगलीत विश्रामबागला ऱ्हायलो. ध्रुवाकडच्या बर्फाच्या मापाच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम चाललं हुतं, म्हंजे कुठल्याबी देशाच्या माणसाला ती मापं वापरता येत्यात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाईप करायचं, तर चूक घावती. जोडीला कुणी न्हवतं, मला बसवलं.

दुपारचे तीन. मी वाचत गेलो... अठरा, एकोणीस, बावीस. तिचे हात थांबले.

"आबा, त्या तारखेला माप नाही. वादळ होतं. तंबूची चेनसुद्धा उघडली नव्हती आम्ही."

"हाय की. बावीस."

तिनं वही वढून घेतली. सगळी वही विंग्रजी आकड्यात, आन् त्या एका रकान्यात पेन्सिलनं २२. मराठीत. मला दोन्ही वाचाय येतंय, माझ्या ध्यानातच आलं न्हाई. पर अक्षर? दोनाची शेपटी लांब वढलेली... चाळीस वर्सं बघितलेलं अक्षर हाय ते. तारीख हिरा गेली तीच.

वैशाली माझ्याकडं बघाय लागली. तुम्ही लिहिलंत का, म्हणाली. मी चिडलो — मला काय धंदा न्हाई व्हय? मग तिनं त्या दिवसाचा फोटो कॉम्प्युटरवर उघडला. तिकडं रोज सांजच्याला पानाचा फोटो घ्यायचा नेम हाय. फोटोत रकाना कोरा. आन् वही तिकडनं आणल्यापासनं तिच्या कपाटात, कुलपात.

बर्फात रवलेल्या तिच्या मापाच्या काठीजवळच दुसऱ्या देशाचं यंत्र हुतं. त्यांच्याकडं तिनं त्या दिवसाचा आकडा मागितला. दोन दिसांनी उत्तर आलं. बावीस.

मी म्हणालो, आकडा खरा हाय न्हवं, मग टाक की. ती न्हाई म्हणाली. माप कुणी घेतलं ते लिवावं लागतं, त्याबिगर एक आकडा घुसवला तर सगळ्या वहीवरचा इस्वास उडतो. रकाना कोराच धाडला. शेजारी शेरा लिवला — वहीत नोंद आहे, घेणाऱ्याचे नाव माहीत नाही.

तवा माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. त्या सकाळी आठच्या सुमाराला हिरानं तोंडावरचा मास्क बाजूला सारला हुता. चमचा धरायची ताकद न्हवती हातात. मला म्हणाली, "आवं, वैशूला भाईर जाऊ दिऊ नका, लय वारं सुटलंय. आजचं माप मी बघून येती." सांगलीत त्या दिवशी पान हलत न्हवतं. डॉक्टर म्हणाले, तापात बडबडत्यात. मलाबी वाटलं, पाटणचा पाऊस आठवला आसंल. घटकाभरात गेली.

हे सगळं मी वैशालीला सांगितलं. तिनं वही मिटून वर हात ठिवला आन् म्हणाली, "आबा, वर्ष झालं. आधी का नाही सांगितलंत?"

त्या आकड्याचं उत्तर माझ्याकडं आजबी न्हाई. कुणाकडंच नसंल. तिच्या सवालाचं हुतं — शेवटच्या घडीला आईच्या तोंडात तिचंच नाव हुतं, हे मी रागापायी दाबून ठिवलं हुतं.